प्रश्न संपायच्या आत उत्तर

सोलापूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत रुद्रप्पा तोळणुरे चोवीस वर्षं बसले आणि त्या चोवीस वर्षांत त्यांनी एकाही प्रवाशाचा प्रश्न पुरा ऐकला नाही. ही त्यांच्याविरुद्धची तक्रार नव्हे. हाच त्यांचा लौकिक होता.

माणूस खिडकीकडे येतानाच रुद्रप्पा त्याला वाचत. धोतराची घडी, बाईच्या डोक्यावरचा पदर, पिशवीवरचं कापडदुकानाचं नाव, चपलेवरच्या मातीचा रंग. त्या माणसानं "साहेब, ती..." एवढं म्हणेपर्यंत आतून उत्तर आलेलं असे, "नऊ नंबर, लागलीय, पळा." आणि माणूस पळे. शंभरात नव्याण्णव वेळा ते बरोबर असत. शंभरावा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. एकदा एक गृहस्थ हरवलेल्या पिशवीची चौकशी करायला आले, त्यांना रुद्रप्पांनी बार्शीच्या गाडीत बसवलं. आवाजात इतका अधिकार होता की ते गृहस्थ वैरागपर्यंत गेले.

निवृत्तीच्या दिवशी डेपोत सत्कार झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. वरिष्ठांनी भाषणात सांगितलं की प्रवाशाच्या ओठावर प्रश्न यायच्या आधी तो ओळखणारा असा वाहतूक नियंत्रक पुन्हा होणे नाही. रुद्रप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कुणीतरी म्हणालं, वहिनींनीही दोन शब्द बोलावेत. पुढच्या रांगेतून दानम्मा उठल्या, पदर सारखा केला, माइकपाशी गेल्या. घसा साफ करेपर्यंत रुद्रप्पांनी माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाले, "ती सगळ्यांची आभारी हाय म्हणते." टाळ्या झाल्या. दानम्मा परत जागेवर येऊन बसल्या. त्यांना काय बोलायचं होतं ते त्या सभागृहात कुणालाच कळलं नाही.

जुळे सोलापुरातल्या घरी आल्यावर रुद्रप्पांची खिडकी गेली, पण सवय कुठं जाते? प्रवासी उरला नव्हता, तेव्हा सगळी सेवा घरच्या एकाच माणसाला मिळू लागली. दानम्मांनी "अवो, ते गॅसचं..." म्हटलं की, "नंबर लावलाय." "वैजूचा फोन..." म्हटलं की, "पुण्यात गारठा हाय, म्हायतीय मला." लेकीनं फोनवर आणखी काय सांगितलं होतं, ते दानम्मांपाशीच राही.

आता कडक भाकरीचं सांगायला हवं. दानम्मांच्या हातची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी, मोडली की कट्ट आवाज करणारी. नोकरीत असताना रुद्रप्पांच्या डब्यातून ती आधी ड्रायव्हर-कंडक्टरांकडे गेली, मग त्यांच्या पाहुण्यांकडे, आणि निवृत्तीनंतर तर रुद्रप्पांनी ओसरीत खुर्ची टाकून बाकायदा मागण्या घ्यायला सुरुवात केली. पीठ ज्याचं त्यानं आणायचं, मेहनत दानम्मांची आणि नाव रुद्रप्पांचं. कुणी "वहिनींना त्रास..." असं सुरू केलं की, "त्रास कसला, तिला आवड हाय," असं उत्तर तयार. भाकरी गाडीनं कुठं पोचवायची, पार्सल कुणाच्या हाती द्यायचं, हे तर त्यांच्या डाव्या हातचं काम. उजव्या हातचं काम दानम्मा करत.

तोच उजवा हात दिवाळीपासून बिघडला होता. अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर होत. थापताना मनगटातून कळ कोपरापर्यंत जाई. एका सकाळी तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजलं आणि ते त्यांना वास आल्यावर कळलं. त्या दिवशी दानम्मांनी ठरवलं की नवऱ्याला सांगायचं: हात चालत नाही, मी आता भाकरी करणार नाही.

एवढं एकच वाक्य होतं. ते सांगायला त्यांना अडीच महिने पुरले नाहीत.

पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, "माझा हात..." रुद्रप्पा म्हणाले, "कपाटात वरच्या खणात मलम हाय." दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "मला आता भाकरी..." रुद्रप्पा म्हणाले, "पीठ संपलं व्हय, आणतो की," आणि चपला घालून गेलेसुद्धा. दहा किलो ज्वारी दळून आली. तिसऱ्या वेळी त्यांनी चहा पुढ्यात ठेवून, समोर बसून, शांतपणे सांगितलं की मला हात दाखवायला डॉक्टरकडं जायचंय. तेव्हा रुद्रप्पांनी कुठल्या चौकातून कुठली सिटी बस पकडायची, कुठं उतरायचं आणि परतीला रिक्षा का करू नये हे सविस्तर सांगितलं. हाताला काय झालंय, हे विचारलं नाही. दानम्मा शेजारणीला घेऊन जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दाबली गेलीय, हाताला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. मनगटाला पट्टा दिला. तो पट्टा बघून रुद्रप्पा म्हणाले, "बरं दिसतंय. गरम राहतंय आत."

मध्यंतरी ज्येष्ठ नागरिक मंडळात एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. विषय होता, घरातील संवादात ऐकण्याचे महत्त्व. पाहुणे पावणेदोन तास बोलले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला, तर वेळ संपल्याचं सांगण्यात आलं. आभार मानायला रुद्रप्पा उभे राहिले. म्हणाले की पाहुण्यांनी जे सांगितलं ते आपण नोकरीत रोज करत होतो, आपल्याला तर माणूस बोलायच्या आधीच ऐकू यायचं. पाहुण्यांनाही ते फार आवडलं.

जानेवारीत बाळासो आले. बाळासो रुद्रप्पांच्या डेपोतले जुने कंडक्टर, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. लांबून येणाऱ्या शंभर पाहुण्यांना परत जाताना शिदोरी म्हणून तीन तीन कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी द्यायची, असं त्यांच्या मनात आलं. म्हणजे तीनशे भाकरी. बाळासो तरी बिचारे म्हणाले, वहिनींना एकदा विचारा. रुद्रप्पांनी आत बघितलंही नाही. "विचारायचं काय त्यात? पुढच्या शुक्रवारपर्यंत तयार."

दानम्मा दाराआड उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, रुद्रप्पा पेपर वाचत बसले होते. दानम्मा बाहेर आल्या. हातात पिशवी, अंगावर बाहेर जायचं लुगडं. त्या पेपराकडे बघून म्हणाल्या, "मी चालले मंगळवेढ्याला, नीलव्वाकडं. परत यायचं काय ठरवलेलं न्हाय."

पेपर हलला नाही. "सव्वाअकराची धर. फलाट सात," पेपरामागून आवाज आला. "आन् उजवीकडची खिडकी घे, ऊन लागायचं न्हाय."

दानम्मांनी चपला घातल्या. मग गेल्या. त्यांनी सव्वाअकराचीच धरली, कारण माहिती बिनचूक होती.

दुपारी एक वाजला. रुद्रप्पा जेवायला आत गेले तर चूल थंड. परात धुऊन उपडी घातलेली, तवा खुंटीला. शेजारी विचारलं, कुणाला माहीत नाही. मग ते आठवायला लागले. चोवीस वर्षांतलं कुठलंही वेळापत्रक त्यांना पाठ होतं, पण सकाळी बायको काय म्हणाली ते आठवेना. आपण काय म्हणालो ते मात्र शब्दन् शब्द आठवलं. सव्वाअकरा, फलाट सात. तेव्हा ती मंगळवेढ्याला गेली, एवढं उत्तरावरून निघालं. प्रश्न काय होता, ते निघेना.

त्यांनी मेहुणीला फोन लावला. नीलव्वा वयानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. त्यांनी सांगितलं की दानम्मा पोचलीय, जेवलीय आणि फोनवर यायचं नाही म्हणते. आणि तुमाला काय बोलायचं आसंल तर हितं येऊन ऐका, असंही सांगितलं. रुद्रप्पांना वाटलं नीलव्वांची चूक झाली. बोलायचं असेल तर येऊन बोला, असं म्हणायचं असणार.

संध्याकाळी ते मौलाभाईंकडे गेले. मौलाभाई एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, शास्त्रीनगरात राहतात. कमी बोलणारा माणूस. रुद्रप्पांनी घडलं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, गाडी तर वेळेवरच सुटली होती.

मौलाभाई बराच वेळ हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "बीबी घर छोड के जारई, और तुम उसकू फलाट नंबर दे रे?"

"उजवीकडची खिडकीपण सांगितली."

"वो बी बोले? मग तर सोन्याहून पिवळं."

रुद्रप्पांना मौलाभाईंचा थोडा हेवा वाटे, आणि त्याचं कारण होतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी असते, चालकाशी बोलू नये. त्या पाटीखाली बसूनच लोकांनी मौलाभाईंना आपली सगळी दुःखं सांगितली होती. केबिनजवळच्या सीटवर बसलेला माणूस मोहोळ येईपर्यंत सुनेबद्दल आणि टेंभुर्णी येईपर्यंत आईबद्दल बोलून मोकळा होई. मौलाभाई समोरच्या रस्त्याकडे बघत. उत्तर द्यायचं नाही, हा तर नियमच होता. उतरताना लोक म्हणत, लई बरं वाटलं तुमच्याशी बोलून.

"तुमी करता काय नेमकं?" रुद्रप्पांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाले, "गप बसायचं, व्हय ना?"

मौलाभाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. रुद्रप्पा थांबले. मग मौलाभाई म्हणाले, "गप तर दगडबी बसतोय की. भरलेली गाडी चढाला लागली की मधी गिअर बदलायचा न्हाय. ती बंद पडती, मागं येती. ती पुरी वर येऊ द्या. मग तुमी काय पायजे ते करा."

रविवारी बाळासोंचा फोन आला, भाकरी कुठवर आल्या. रुद्रप्पा म्हणाले, चालू हाय. सोमवारी पुन्हा आला. रुद्रप्पांनी स्वतः परात खाली घेऊन एक भाकरी थापून बघितली. ती परातीतून निघाली तेव्हा तिचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता आणि विदर्भ परातीलाच राहिला. शिवाय एका भाकरीत त्यांचं मनगट भरून आलं. त्या भरून आलेल्या मनगटाकडे ते थोडा वेळ बघत राहिले. तिथं त्यांना दानम्मांचा पट्टा आठवला. तो पट्टा कशाचा, हे आपण विचारलं नव्हतं, हेही आठवलं.

मंगळवारी ते मंगळवेढ्याला निघाले. खरं सांगायचं तर निघताना मनात अजून शुक्रवार होताच. समजूत काढायची, दुपारच्या गाडीनं घेऊन यायचं, दोन बायका मदतीला लावल्या तर तीनशे होतील, असा सगळा हिशेब बेगमपूरच्या पुलापर्यंत त्यांनी जुळवला होता. पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या रानात कणसं भरलेली ज्वारी लागली, आणि सवयीनं त्यांच्या मनात आलं, पीठ यंदा चांगलं निघणार.

नीलव्वांच्या घरापुढं सारवलेलं अंगण आणि एक कट्टा. दानम्मा कट्ट्यावर बसलेल्या, मनगटाला पट्टा, उजवा हात मांडीवर ठेवलेला. शेजारी नीलव्वा तूर निवडत होत्या. रुद्रप्पांनी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सुरू केलं, "हे बघ, तुझं म्हणणं मला कळलं..."

"साकु," दानम्मा म्हणाल्या. म्हणजे पुरे. माहेर अक्कलकोटकडचं असल्यानं त्यांचा राग कन्नडातून येई, आणि तो आला की मराठीपेक्षा लवकर कळे.

"आवो, बसा आधी," नीलव्वा म्हणाल्या. "तिचं म्हणणं तिला आजून सांगायचंय, तुमाला कुटनं कळलं?"

रुद्रप्पा बसले.

दानम्मांनी सुरुवात दिवाळीपासून केली. बधिर बोटं, कोपरापर्यंतची कळ, भाजलेलं बोट, शेजारणीबरोबर गाठलेला दवाखाना, डॉक्टरचं बोलणं. पहिल्या पाच मिनिटांत रुद्रप्पांच्या जिभेवर चार उत्तरं आली. पुण्याचा एक डॉक्टर, एक तेल, थापायचं मशीन मिळतं ते, आणि बाळासोला दीडशेच देऊ. प्रत्येक उत्तर आलं की त्यांचा ओठ हले. ओठ हलला की दानम्मा थांबत आणि बघत. मग ते ओठ मिटत. चोवीस वर्षं जे तोंडातून आपोआप निघत होतं ते आत अडवून धरणं इतकं अवघड असेल, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना घाम आला. जानेवारीत, सावलीत. नीलव्वांनी मुकाट पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

दानम्मा पुढं गेल्या. त्या दिवाळीच्याही मागं गेल्या. सत्काराच्या दिवशी त्या माइकपाशी का गेल्या होत्या ते सांगितलं. आभार मानायला नव्हत्या गेल्या. हा माणूस सणावारी सुद्धा खिडकी सोडून घरी आला नाही, तरी मी कधी तक्रार केली नाही, आता त्याला माझ्याकडं परत द्या, एवढंच म्हणायचं होतं. चार माणसांत बोलायची पहिलीच वेळ, म्हणून आठ दिवस पाठ केलं होतं.

रुद्रप्पांना यावर काहीच उत्तर सुचलं नाही, त्यामुळं गप्प बसणं सोपं गेलं.

"आन् आणखी एक," दानम्मा म्हणाल्या. "मला कडक भाकरी आवडत न्हाय."

नीलव्वांच्या हातातलं सूप थांबलं.

"कधीच आवडली न्हाय," दानम्मा म्हणाल्या. "दाताला लागती. मला भात आवडतो. मऊ, वर आमटी. पंचवीस वर्षं तुमी सगळ्या जगाला सांगताय, तिला आवड हाय. मला विचारलं कुणी?"

सोलापुरात राहून, त्या भाकरीवर नाव कमावून, हे वाक्य उच्चारायला जी हिंमत लागते ती दानम्मांनी एवढी वर्षं कुठं ठेवली होती कोण जाणे.

"खिडकीत तुमी बसलात," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "तुमी नुसतं सांगायचं, अमक्या वेळंला सुटणार, तमक्या ठिकाणी पोचणार. गाडी मी होते. गाडीला कोण विचारतं, आज निघायचं का?"

मग त्या थांबल्या. रुद्रप्पांना वाटलं आता आपली पाळी. पण दानम्मा म्हणाल्या, "सांगा, मी काय काय बोलले."

ही परीक्षा रुद्रप्पांनी आयुष्यात कधी दिली नव्हती. पण पाठांतर पक्कं होतं. त्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली, बधिर बोटं, कळ, भाजणं, दवाखाना, नस, ऑपरेशनची भीती, असं एकामागून एक, स्टँडवर गाड्या पुकारतात त्या सुरात सांगितलं. माइकचं सांगताना तो सूर मोडला. भाकरीचं सांगताना ते अडखळले, जणू कुणाची तरी बदनामी करतोय. गाडीचंही सांगितलं.

"ऑपरेशनची भीती मी म्हणले न्हाय," दानम्मा म्हणाल्या. "ते तुमी घातलं."

"मला वाटलं..."

"ते तुमाला वाटलं. मला ऑपरेशनची भीती न्हाय. ऑपरेशन झालं की तुमी पुन्हा भाकऱ्या सांगाल, ती भीती हाय."

"बरं," रुद्रप्पा म्हणाले. ऐकून झाल्यावर दिलेलं हे त्यांचं पहिलंच उत्तर, आणि त्याला त्यांनी दुसरा शब्द जोडला नाही.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच बसून बाळासोंना लावला. बाळासो उचलल्या उचलल्या मंडपवाल्यावर बोलू लागले. रुद्रप्पांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मंडपवाल्याचा पुतण्या आणि त्याची मोटरसायकल यांच्यासकट. मग सांगितलं की भाकरी व्हायच्या न्हाईत. एक पण न्हाय. पलीकडून काय झालं, कसं झालं, वहिनी बऱ्या आहेत ना, असं बरंच आलं. रुद्रप्पांनी दानम्मांकडे बघितलं. त्या त्यांच्याचकडे बघत होत्या.

"तिचा हात दुखावलाय," ते फोनमध्ये म्हणाले, "आन् तिला करायच्या न्हाईत. दोन्ही खरं हाय, पण दुसरं आधी धर. आन् शब्द मी दिलता, तिनं न्हाय. तुला शिव्या द्यायच्या तर मला दे."

बाळासोंनी दिल्या. लग्नघरचा माणूस, तीन दिवस हातात, त्यांनी मनापासून दिल्या. रुद्रप्पांनी त्याही पुऱ्या ऐकल्या. फोन ठेवला तेव्हा नीलव्वा पदरात हसत होत्या.

दानम्मा हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी येईन, पण आज नाही. नीलव्वाच्या रानातली ज्वारी निघेपर्यंत इथं राहायचंय. हात विश्रांतीला, आणि कान पण. परात नीलव्वाला देऊन टाकायची. घरी रोज भात. ज्याला भाकरी हवी असेल त्यानं थापून खावी.

रुद्रप्पांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. तोंडाशी आलेलं, ज्वारी निघायला अजून किती दिवस, त्या दरम्यान आपण काय जेवायचं, पीठ दहा किलो आणलंय त्याचं काय करायचं, हे सगळं त्यांनी गिळलं. दानम्मा बोलून थांबल्या. एरवी इथं त्यांनी विषय मिटवला असता. पण आज त्यांच्या डोक्यात पुढचं काही तयार नव्हतं. समोर बसलेली ही बाई यानंतर काय म्हणेल, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, आणि ती जाणीव थोडी भीतीची, थोडी नव्या गावात उतरल्यासारखी होती.

"आणि?" त्यांनी विचारलं.

दानम्मांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. हा टोमणा आहे का, पाहुण्यांच्या व्याख्यानातलं काही आहे का, ते तपासलं. मग पट्ट्यातला हात जरा सरळ केला, पाय वर घेऊन मांडी घातली.

"आणि लई हाय," त्या म्हणाल्या. "नीलव्वा, भात टाक जास्तीचा. ह्यांना वेळ लागणारय."